जरा, सुरकुती आणि पेप्टाइड

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. साखळी लांबली आणि तिच्या घड्या पडल्या की तिला प्रथिन म्हणतात. शरीर स्वतः असंख्य पेप्टाइडे तयार करते आणि त्यांतली बरीचशी पेशींना निरोप देण्यासाठी वापरते: जखम भरायला घ्या, कोलॅजन तयार करा, अमुक स्राव थांबवा. सुरकुत्यांवरच्या क्रीममध्ये आणि सिरममध्ये घातली जाणारी पेप्टाइडे ही अशा निरोपांची प्रयोगशाळेत घडवलेली नक्कल असते. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून तीन अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले. तांब्याला धरून ठेवणारे हे पेप्टाइड पुढे ‘कॉपर पेप्टाइड’ म्हणून प्रसाधनांत आले. १९९३ मध्ये कोलॅजनच्या पूर्वरूपातला पाच अमिनो आम्लांचा तुकडा पेशींना नवे कोलॅजन तयार करायला प्रवृत्त करतो असे दिसले. तो त्वचेत शिरावा म्हणून त्याला मेदाम्लाची जोड देण्यात आली आणि फ्रान्समधल्या सेडर्मा कंपनीने तो ‘मॅट्रिक्सिल’ या नावाने विकायला आणला.

आठ्यांवरच्या पेप्टाइडांचे तत्त्व याहून वेगळे आहे. शरीरातले बहुतेक स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात. चेहऱ्यावरचे भावदर्शक स्नायू मात्र थेट त्वचेत रुजलेले असतात. स्नायू आखडला की वरची त्वचा दुमडते. तरुण त्वचेत ही घडी लगेच सपाट होते. वर्षानुवर्षे तीच घडी पडत राहिली आणि मधल्या काळात वयाने व उन्हाने त्वचेतले कोलॅजन झिजले, की ती तशीच राहते. स्नायू आखडण्याचा हुकूम चेतातंतू ॲसिटिलकोलीन या द्रव्यातून देतो आणि ते द्रव्य बाहेर पडण्यासाठी तीन प्रथिनांना एकमेकांभोवती पीळ घालावा लागतो. त्यांपैकी स्नॅप-२५ हे प्रथिन बोट्युलिनम विष कापून टाकते. व्हँकुव्हरचे त्वचारोगतज्ज्ञ ॲलस्टेअर कॅरदर्स आणि नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांनी १९९२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांवर या विषाचा उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या लिपोटेक कंपनीच्या ‘आर्गिरलिन’ या पेप्टाइडावरचा शोधनिबंध आला. सहा अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड स्नॅप-२५ च्या एका टोकासारखे असते आणि पिळातली त्याची जागा अडवते, अशी त्यामागची कल्पना आहे. सुई नको, विष नको, फक्त क्रीम लावायचे, असे हे आश्वासन होते.

पुरावा मात्र बेताचा आहे. आर्गिरलिनच्या त्या निबंधात १० स्त्रियांनी ३० दिवस १० टक्के द्रावणाचे क्रीम लावले आणि सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे नोंदवले गेले. मॅट्रिक्सिलच्या पेप्टाइडावर २००५ मध्ये ९३ स्त्रियांचा १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडाचे क्रीम, दुसऱ्या बाजूला तेच क्रीम पेप्टाइडाविना. बारीक रेषांत लहानसा पण मोजता येणारा फरक दिसला. यातले बरेचसे संशोधन प्रसाधन उद्योगातूनच आले आहे. शिवाय त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर ही मोठी भिंत आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू तिच्यातून सहसा जात नाही, असा ठोकताळा २००० मध्ये मांडला गेला. आर्गिरलिनचा रेणू जवळजवळ ८९० डाल्टनचा आहे. मानवी त्वचेच्या नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांत त्याचा बहुतेक भाग पृष्ठभागावरच राहून धुतला गेला. भुवयांचा स्नायू त्या भिंतीच्या पलीकडे, मेदाच्याही खाली असतो. चांगल्या क्रीमने त्वचेत ओलावा टिकतो, बारीक रेषा भरल्यासारख्या दिसतात आणि पेप्टाइडामुळे त्यात थोडी भर पडत असावी, इतके म्हणणे रास्त ठरते.

एवढ्याशा परिणामावर धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा करणे जड वाटेल. पण भारतीय परंपरेत सुरकुती हा नुसता त्वचेचा दोष कधीच नव्हता. वली आणि पलित, म्हणजे सुरकुत्या आणि पिकलेले केस, ही जोडी वैद्यकात, धर्मशास्त्रात, काव्यात आणि भिक्षूंच्या गाथांत सतत भेटते. वैद्य तिला आटोक्यात ठेवू पाहतो, धर्मशास्त्रकार तिच्यावरून आयुष्याचा टप्पा ठरवतो, भिक्षू तिच्याकडे टक लावून पाहायला सांगतो. ही तिन्ही कामे एकाच माणसाने करावीत का आणि केली तर त्यांत विरोध येतो का, हा खरा प्रश्न आहे.

वैद्यकापासून सुरुवात करणे योग्य, कारण तेथे म्हातारपण लांबवण्याविषयी कोणताही संकोच नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक पूर्ण अंग जरेसाठी, म्हणजे म्हातारपणासाठी, राखलेले आहे. त्याला रसायन म्हणतात. चरकसंहितेचे चिकित्सास्थान रसायनापासूनच सुरू होते, आणि रसायनाच्या फळांत दीर्घायुष्य, स्मृती व मेधा यांच्याबरोबरच तरुण वय, कांती आणि वर्ण यांचाही उल्लेख येतो. म्हाताऱ्या च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केल्याची कथा आणि त्यांच्या नावाचा अवलेह घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे सतेज त्वचेची इच्छा ही बाहेरून आलेली किंवा अलीकडची हाव आहे, हे म्हणणे टिकत नाही.

सुश्रुतसंहितेतला एक भेद या विषयात विशेष उपयोगाचा आहे. भूक, तहान, झोप, जरा आणि मृत्यू यांना सुश्रुत स्वभावानेच येणाऱ्या व्याधींत घालतो आणि त्यांचे दोन भाग करतो: काळाने येणाऱ्या आणि अकाली येणाऱ्या. शरीर नीट राखूनही जी येते ती कालकृत जरा. न राखल्यामुळे जी येते ती अकालकृत. आजचे त्वचाविज्ञानही वयाची जीर्णता आणि उन्हाची जीर्णता असा भेद करते. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी ९०३ प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेची जीर्णता साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसली. पेप्टाइडाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा नाही. सुश्रुताचा भेद स्वीकारला तर अकाली सुरकुतीला अटकाव करणे ही शरीराची राखण ठरते, आणि तिच्याविरुद्ध धर्माला काही म्हणायचे उरत नाही. प्रश्न कालकृत सुरकुतीचा उरतो.

चरकाने रसायनात आणखी एक गोष्ट घातली आहे. खरे बोलणारा, न रागावणारा, मद्यापासून दूर असणारा, शांत आणि दयाळू माणूस हा नित्य रसायन घेणाराच समजावा, असे तो सांगतो. याला आचाररसायन म्हणतात. हे वचन केवळ उपदेशासाठी आलेले नाही. त्यामागे वैद्यकीय धारणा आहे: द्रव्याने शरीरात जे साधायचे ते वागण्यानेही साधते, आणि वागण्याने बिघडवले तर द्रव्य पुरे पडत नाही.

धर्मशास्त्रात सुरकुतीला अधिकृत स्थान मिळाले. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनाची वाट केव्हा धरावी हे सांगताना वयाचा आकडा दिलेला नाही. स्वतःच्या अंगावर सुरकुत्या आणि पिकलेले केस दिसले आणि मुलाला मूल झाले, की ती वेळ. आश्रम बदलण्याचा हा हुकूम राजाकडून किंवा पंचांगातून येत नाही. तो आरशातून येतो, आणि तो ज्याचा त्यानेच वाचायचा असतो. बौद्ध वाङ्मयातला मिथिलेचा राजा मखादेव तर न्हाव्यालाच सांगून ठेवतो की डोक्यावर पहिला पांढरा केस दिसला की कळव. पुष्कळ काळाने न्हावी कळवतो. राजा तो केस चिमट्याने काढून आपल्या ओंजळीत ठेवायला सांगतो, त्याच्याकडे पाहतो, न्हाव्याला एक गाव इनाम देतो, राज्य थोरल्या मुलाच्या हवाली करतो आणि आपल्याच आमराईत प्रव्रज्या घेतो. वाईट बातमी आणणाऱ्याला इनाम मिळते हा या कथेचा गाभा आहे. ‘रघुवंशा’त कालिदासानेही दशरथाच्या कानाजवळच्या पिकल्या केसाच्या रूपाने जराच येऊन रामाला राज्य दे असे कानात सांगते, अशी कल्पना केली आहे.

या तिन्ही ठिकाणी वली-पलित हा निरोप आहे आणि निरोप घेणारा ज्याचा त्याचा तोच आहे. इतर लोक काय पाहतात याला तेथे महत्त्व नाही. आजच्या प्रसाधनाच्या जाहिरातीत हे अगदी उलटे झाले आहे: सुरकुती म्हणजे दुसऱ्यांना कळलेली आणि त्यांना कळू नये अशी गोष्ट. निरोप तोच राहिला, पत्ता बदलला. पेप्टाइडाच्या नैतिकतेची चर्चा करताना हा बदल सर्वांत महत्त्वाचा धरला पाहिजे. कारण द्रव्य निरुपद्रवी असूनही जर ते माणसाला स्वतःकडचा निरोप वाचण्यापासून लांब ठेवत असेल तर नुकसान आहे. आणि वाचूनही तो चेहऱ्याची निगा राखत असेल तर नुकसान कोणते, हे दाखवणे अवघड आहे.

बौद्धांनी या वाचण्यालाच साधना केले. जरा माझ्या स्वभावात आहे, मी तिच्यापलीकडे गेलेलो नाही, याचे चिंतन स्त्री-पुरुष, गृहस्थ-भिक्षू सर्वांनी वारंवार करावे असे अंगुत्तर निकायातले एक सुत्त सांगते. संयुत्त निकायातल्या जरासुत्तात तर खुद्द बुद्धाचे शरीर समोर आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात संध्याकाळी बुद्ध मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसलेला आहे. त्याचा शिष्य आनंद त्याचे हातपाय चोळतो आणि चोळता चोळता थबकतो: भगवंतांची त्वचा पूर्वीसारखी नितळ, उजळ राहिली नाही, अवयव सैल पडून सुरकुतले आहेत, शरीर पुढे झुकले आहे. बुद्ध त्याला गप्प करत नाही आणि समजूतही घालत नाही. असेच असते, तारुण्यातच जरा असते, असे तो म्हणतो. या प्रसंगात दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत ज्या पुष्कळदा परस्परविरोधी समजल्या जातात: सुरकुत्या कबूल करणे आणि त्याच वेळी त्या शरीराला ऊब देणे, त्याला हाताने चोळणे. जरेचे सत्य मानणाऱ्याने शरीराची सेवा सोडली पाहिजे असे येथे कोठेही सुचवलेले नाही.

वैशालीची आम्रपाली थेरीगाथेत याहून कठोर आहे. एकेकाळची नगरवधू, नंतर भिक्षुणी. ती केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेते, तो पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे ते सांगते, आणि दर वेळी सत्य बोलणाऱ्याचे वचन खोटे नाही या पालुपदावर येते. भुवया एकेकाळी चित्रकाराने रेखाव्यात तशा होत्या. आता सुरकुत्यांनी खाली लोंबल्या आहेत. यात देहाचा तिरस्कार आहे असे काही वाचकांना वाटते. पण जुन्या सौंदर्याचे वर्णन ती हात राखून करत नाही. ते किती देखणे होते हे पूर्ण सांगितल्यावरच ते गेल्याचे ती सांगते. सौंदर्य खोटे होते असा तिचा दावा नाही. ते टिकेल हे म्हणणे खोटे होते.

मराठीत या विचाराला सर्वांत तपशीलवार रूप ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात मिळाले. गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतले दोष डोळ्यांपुढे ठेवणे सांगितले. ज्ञानदेव तेवढ्यावर न थांबता ज्ञानी माणूस तरुण असतानाच आपले म्हातारपण कसे पाहून ठेवतो याचे चित्र उभे करतात. आजची अंगातली पुष्टता उद्या वाळून काचरी होणार, हे तो आजच जाणतो. हे सांगणारा स्वतः १२९६ मध्ये अगदी कोवळ्या वयात समाधिस्थ झाला. त्याच्या कपाळावर वयाची आठी कधी पडलीच नाही. त्याच काळाशी जोडलेली चांगदेवांची कथा तर थेट या प्रश्नाची आहे. योगबळाने काळाला चुकवून १४०० वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले, वडील म्हणावे की चिरंजीव हे ठरेना म्हणून कोरेच पाठवले, आणि मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. उत्तरादाखल आलेल्या ६५ ओव्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. कथेत चांगदेवांच्या दीर्घायुष्याला पाप म्हटलेले नाही. वय लांबवल्याने आपोआप काही मिळत नाही एवढेच तिच्यात दिसते, आणि ते वयाचा माग पुसण्यालाही तितकेच लागू पडते.

आत्म्याच्या बाजूने विचार करणाऱ्या परंपरेत छांदोग्य उपनिषदातली इंद्र-विरोचनाची कथा या विषयाला सर्वांत जवळची आहे. आत्मा जाणून घ्यायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन प्रजापतीकडे येतात, ३२ वर्षे शिष्य म्हणून राहतात. प्रजापती त्यांना पाण्याच्या भांड्यात पाहायला सांगतो. मग म्हणतो, चांगले कपडे घाला, दागिने घाला, नीटनेटके व्हा आणि पुन्हा पाहा. पाण्यात नटलेला देह दिसतो. विरोचन तेवढ्यावर समाधानाने परततो आणि देहाचीच पूजा करावी असे असुरांना शिकवतो. इंद्र अर्ध्या वाटेवर थांबतो: देह नटला की हा नटतो, तर देह आंधळा झाला की हाही आंधळा होणार, देह नासला की नासणार, यात मला काही भले दिसत नाही. तो परत येतो, आणि असे येत-जात एकूण १०१ वर्षे शिकतो.

या कथेवरून नटण्याची निंदा करणारे एक गोष्ट विसरतात. नटायला प्रजापतीनेच सांगितले होते, आणि दोघेही सारखेच नटले होते. फरक पाण्यात पाहिल्यावर पडला. विरोचनाला प्रतिबिंबात उत्तर मिळाले. इंद्राला प्रश्न मिळाला. सुरकुत्यांवरचे क्रीम लावणारे दोन लोक एकाच आरशासमोर या दोन वेगळ्या जागी उभे असू शकतात, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणूनच प्रसाधनावरून कोणाच्या आत्मज्ञानाविषयी निकाल देणे उतावळेपणाचे होते.

सृष्टीकर्ता मानणाऱ्या धर्मांत प्रश्नाचा रोख वेगळा आहे. देह ही ईश्वराची निर्मिती, तर तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार माणसाला आहे का? ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने कार्थेजमध्ये सुमारे १८०० वर्षांपूर्वी रंगरंगोटीवर हाच आक्षेप घेतला. इस्लाममध्ये कुराणातले अल्लाहच्या निर्मितीत बदल करण्याविषयीचे वचन आणि सौंदर्यासाठी गोंदणे, भुवया उपटणे, दातांत फट पाडणे यांचा निषेध करणाऱ्या हदिसा यांभोवती ही चर्चा फिरते. दुसऱ्या बाजूला, युद्धात नाक गमावलेल्या अरफजा या अनुयायाला पैगंबरांनी सोन्याचे नाक बसवायची परवानगी दिल्याची नोंद आहे. त्यामुळे व्यंग दुरुस्त करणे आणि हौसेने रूप बदलणे, तसेच कायमचा बदल आणि तात्पुरती सजावट, असे भेद फकीह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्री, करत आले. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २००६ मध्ये बोटॉक्स, म्हणजे आठ्यांवर टोचायचे बोट्युलिनम, निषिद्ध ठरवले. वरून लावून धुतल्या जाणाऱ्या क्रीमचा प्रश्न या चौकटीत बराच सौम्य होतो. जैन आगमांतले दशवैकालिक सूत्र साधूला शरीराची शोभा वर्ज्य सांगते, पण तो साधूचा आचार आहे; श्रावकावर तो तसाच लादलेला नाही.

भावरेषांचा, म्हणजे आठ्यांचा आणि हसण्याच्या रेषांचा प्रश्न या सर्वांपासून वेगळा काढला पाहिजे. त्या पूर्णपणे काळाच्या नाहीत आणि पूर्णपणे उन्हाच्याही नाहीत. त्यांत माणसाचे स्वतःचे कर्तृत्व आहे. नाट्यशास्त्राने भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित, सहज. क्रोधात भ्रुकुटी चढते. फ्रेंच वैद्य द्यूशेन याने १८६२ मध्ये विजेचा प्रवाह चेहऱ्याच्या एकेका स्नायूला देऊन दाखवले की खऱ्या आनंदाच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आखडतो आणि तो इच्छेने सहसा आखडवता येत नाही. त्याची छायाचित्रे डार्विनने १८७२ च्या आपल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात वापरली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या रेषा या त्या स्नायूच्या कामाच्या खुणा आहेत. योगशास्त्राच्या भाषेत वृत्तीमुळे संस्कार उरतो. येथे तो त्वचेवर उरला आहे. मग तो पुसणे म्हणजे स्वतःच्या आयुष्याची साक्ष पुसणे आहे का?

असे म्हणण्याचा मोह मोठा आहे, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून ललित लेखांपर्यंत तो सर्वत्र दिसतो. पण ही साक्ष वाचता येते असे मानणे धोक्याचे आहे. कपाळावरची आठी चिंतेने पडली, रागाने पडली, की डोळ्यांचा नंबर वाढूनही चष्मा न मिळाल्यामुळे पडली, हे आठी सांगत नाही. भर उन्हात निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईच्या डोळ्यांभोवतीच्या रेषा आणि सतत हसणाऱ्या माणसाच्या रेषा त्याच स्नायूने घडवलेल्या असतात. चेहऱ्यावरून स्वभाव आणि कर्म वाचण्याच्या विद्येने माणसांवर फार अन्याय केला आहे. सुरकुतीला पदक मानणे ही त्याच विद्येची गोड बाजू आहे. मूठभर माणसांच्या सुरकुत्या त्यांनी कमावलेल्या असतात. अनेकांच्या त्यांच्यावर लादलेल्या असतात, आणि लादलेली खूण पुसावीशी वाटणाऱ्याला स्वतःशी प्रतारणा केल्याचा दोष देता येत नाही.

भाव आणि चेहरा यांच्या संबंधाचा दुसरा भाग मात्र खरा चिंतेचा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भुवयांमध्ये बोट्युलिनम टोचून घेतलेल्या स्त्रियांना रागाची आणि दुःखाची वाक्ये वाचून समजायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागला. आनंदाच्या वाक्यांना लागला नाही. चेहऱ्याच्या हालचालीचा भावनेवर उलट परिणाम होतो का, यावर मतभेद आहेत. तोंडात पेन धरून हसरा चेहरा करण्याचा १९८८ चा प्रसिद्ध प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तरीही दुसऱ्याचे दुःख समजण्यात स्वतःच्या भुवईचा काही वाटा असेल, तर करुणेला साधना मानणाऱ्या कोणत्याही धर्माला हा प्रश्न हलक्यावारी नेता येणार नाही. पेप्टाइडे यातून बहुतांशी सुटतात, पण त्याचे कारण त्यांचा सद्गुण नाही. ती स्नायूपर्यंत पोचतच नाहीत.

तारुण्याची किंमत कोण मोजतो, हा ययातीच्या कथेतला प्रश्न. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाती धाकट्या मुलाचे, पुरूचे तारुण्य घेतो, हजार वर्षे भोगतो, आणि भोगाने वासना शमत नाही हे समजल्यावर ते परत करतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’ कादंबरीत या कथेला आजच्या भोगलालसेशी भिडवले. तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वासनेच्या अंगाने या कथेची खूप चर्चा झाली, पुरूच्या अंगाने कमी. पुरूच्या जागी येथे प्राणी येतात. बोट्युलिनमचे ‘एक युनिट’ ही मात्रा मुळात उंदरांवरून ठरली: जितक्याने टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे मरतात तितके विष. २०११ मध्ये अमेरिकेत या चाचणीला पेशींवर करायचा पर्याय मान्य झाला. पेप्टाइड प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने जोडता येते. त्यासाठीची पद्धत १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी दिली आणि त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद केली. अहिंसेच्या कसोटीवर कृत्रिम पेप्टाइड विषापेक्षा निश्चितच वरचे ठरते, आणि या एका मुद्द्यावर त्याची बाजू भक्कम आहे.

स्त्रियांच्या बाबतीत धर्मशास्त्राचा निरोप पोचलाच नव्हता. मनूने वली-पलित पाहणारा म्हणून गृहस्थ पुरुष धरला. त्याच्या पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे, एवढेच पुढच्या श्लोकात येते. तिच्या स्वतःच्या सुरकुत्यांनी तिच्यासाठी कोणतेही दार उघडत नव्हते. पुरुषाची सुरकुती सन्मानाने निघण्याची परवानगी होती. तिची सुरकुती नुसती सुरकुती होती. सुझन सोंटॅग यांनी १९७२ मध्ये वय वाढण्याच्या दुहेरी मापावर निबंध लिहिला. सिमोन द बोव्हुआर यांनी १९७० च्या वार्धक्यावरील ग्रंथात दाखवले की म्हातारपण माणसाला आधी दुसऱ्यांच्या नजरेतून कळते. वनाची वाट आता पुरुषालाही उरली नाही. निवृत्तीचा दिवस जन्मतारखेवरून ठरतो, चेहऱ्यावरून नाही. सुरकुतीचे अधिकृत काम संपले आणि नोकरीच्या मुलाखतीत, दुकानाच्या काउंटरवर, लग्नाच्या बाजारात तिचा नुसता तोटा शिल्लक राहिला. अशा स्थितीत क्रीम घेणारीला वैराग्य शिकवणे अन्यायाचे आहे. उत्तर तिच्या कपाटाकडून नाही, तिला वयावरून नाकारणाऱ्यांकडून मागितले पाहिजे.

शेवटचा प्रश्न सत्याचा आहे, आणि तो विकणाऱ्याला लागू होतो. भारताच्या १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात प्रसाधनाचे काम स्वच्छता, सुशोभन, आकर्षकता वाढवणे किंवा रूप पालटणे असे सांगितले आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात शरीराची रचना किंवा क्रिया बदलण्यासाठी दिलेले द्रव्य औषध ठरते. यातून पेप्टाइडाच्या दाव्याला पेच पडतो. ते खरोखर चेतातंतूचा हुकूम अडवत असेल तर ते औषधाचे काम करते, आणि त्याला औषधाएवढा पुरावा द्यावा लागेल. अडवत नसेल तर आठ्यांचे स्नायू सैल होतात हे वाक्य असत्य आहे. दाव्यांत ‘सुरकुत्या कमी होतात’ असे न म्हणता ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असे म्हणण्याची रीत याच पेचातून आली. कमी दिसणे हा प्रामाणिक दावा असू शकतो. त्वचेत ओलावा असला की रेषा खरोखरच कमी दिसतात. मात्र त्याच वेष्टनावर चेतापेशींचे चित्र छापून खरेदीदाराने ‘दिसतात’च्या जागी ‘होतात’ वाचावे अशी योजना केली असेल, तर शब्द खरे राहूनही बोलणे खोटे होते. महाभारतात अश्वत्थामा मेल्याची बातमी युधिष्ठिराने अशाच खऱ्या शब्दांत दिली होती, आणि त्यानंतर त्याचा रथ जमिनीला टेकला असे व्यासांनी सांगितले आहे. पेप्टाइडाचे प्रमाण किती, चाचणी किती माणसांवर व किती आठवडे झाली, ती कोणी केली, आणि फरक पेप्टाइडाविना क्रीमच्या तुलनेत किती होता, एवढी माहिती वेष्टनावर आली तर खरेदीदाराला स्वतः ठरवता येईल. मखादेवाच्या न्हाव्याने पांढरा केस लपवला नव्हता, तेवढीच अपेक्षा विक्रेत्याकडून करणे वाजवी आहे.